फडताळ

तार्तूत फेब्रुवारीत चार वाजताच दिवे लागतात.
हेल्वेनं तिसऱ्यांदा तीच आज्ञा टाइप केली,
तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं: परवानगी नाकारली.
मग जरा अधिकारवाणीनं बोलून पाहिलं,
पुढे तो मालकी हक्काचा शब्द लावून.
सर्व्हर म्हणाला, तुझं नाव यादीत नाही.
ही घटना कळवली जाईल.

कुणाला?
उर्मासला.
आणि उर्मास पेइप्सी सरोवराच्या मधोमध
बर्फाला भोक पाडून, बादली पालथी घालून
तिच्यावर बसलेला, सोमवारपर्यंत.
फोन बंद. पासवर्ड डोक्यात, डोकं लोकरीच्या टोपीत.

तिला हवं होतं एवढंसं पॅकेज,
त्याच सरोवराचा बर्फ यंदा कधी फुटेल
याचा हिशोब मांडणारं.

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली, जवळजवळ अदबीनं:
सामायिक कपाटात तुला लिहिता येत नाही.
तुझं स्वतःचं ग्रंथालय उघडू?
हो की नाही?

आजवर ती नाही म्हणत आलेली. शिस्त म्हणून.
आज मात्र तिला साल्मे आठवली, तिची आई,
तालिनच्या त्या सरकारी इमारतीत
स्वयंपाकघर एक आणि बिऱ्हाडं पाच,
छताला पाच बल्ब, प्रत्येकाचं बटण ज्याच्या त्याच्या खोलीत.
शेगडीसाठी रांग, नळासाठी रांग,
खिडकी उघडायची तर चार दारं वाजवायची.
पण भिंतीवरचं ते हातभर फडताळ आईचं होतं.
त्यात खिळा ठोकताना तिनं कुणाला विचारलं नाही.
मीठही पाच डब्यांत पाच वेळा असायचं,
नासाडीच म्हणा.

हो, हेल्वेनं टाइप केलं.

नवरदेव एक, मागे वऱ्हाड चौतीस.
ह्याला तो हवा, त्याला आणखी तिसरा,
तिसरा जुन्या आवृत्तीवर रुसलेला.
चाळीस मिनिटं अक्षरं वर सरकत राहिली,
मग थांबली. चूक नव्हती.
तिनं उगाच पुन्हा एकदा पाहिलं.

सोमवारी उर्मास आला, नाकाचा शेंडा सोललेला.
कळवलेली घटना त्यानं वाचली.
"मागितलं असतंस तर दिलं असतं."
"तू बर्फावर होतास."
तो गप्प. मग तिनंच विचारलं,
"किती जाड होता?"
"बावीस सेंटिमीटर."
तिनं तो आकडाही भरला.

दुपारी नवा विद्यार्थी इंद्रेक आला, बिचकत:
तुमच्या घरात ते पॅकेज आहे म्हणे,
मला वापरता येईल?
तिनं दार किलकिलं केलं.
वाच. लिहू नकोस.

पाच वाजता पलीकडच्या टेबलावरून सुस्कारा आला.
तिला बघायची गरज नव्हती,
तेच दोन शब्द असणार,
फक्त या खेपेला नकार तिच्या घरातून गेलेला.
ती लगेच उठली नाही.
चहा संपवला आधी.