चालू

अंबडला, बेअरिंगच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
मी एक बटण लिहीत होते.
दाबलं की आत राहणारं,
पुन्हा दाबलं की बाहेर येणारं.
एका ओळीत मावेल एवढं त्याचं आयुष्य:
खरं, नाहीतर खोटं.

गंगापूर धरणाच्या अलीकडे जे पंपिंग स्टेशन आहे
तिथल्या पॅनलवर ते बसणार होतं.
म्हणून डेमोला आले पुंजाराम गांगुर्डे,
एकतीस वर्षं व्हॉल्व्हची चाकं फिरवलेले,
तळहाताच्या रेषांत गंज मुरलेला.
चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला,
हिरव्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं.
"यावर 'चालू' लिवलंय, ताई.
म्हंजे पंप चालू हाये,
का मी चालू करू?"

मी तोंड उघडलं
आणि तसंच राहू दिलं.
सहा महिन्यांत, चार मीटिंगांत,
हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री पाथर्डी फाट्यावर
किराणावाला अर्धं शटर ओढून उभा.
"लवकर सांगा, दुकान वाढवतोय."
वाढवतोय! मी दुधाची पिशवी घेऊन तिथेच थबकले.
बंद करताना वाढवतो म्हणणारी माणसं आम्ही,
नारळ फोडला की वाढवला,
बांगडी फुटली की वाढवली,
उंबऱ्याबाहेर पाय टाकताना म्हणायचं, येतो.
आमच्या बोलण्यावरची लेबलंच उलटी
आणि तरी कुणाचं काही अडत नाही.
मग माझ्याच बटणाने का अडावं?

अडलं. पहिल्याच चाचणीला अडलं.
व्हॉल्व्हने कळवलं: उघडलो.
बटणाने ते ऐकून स्वतःला बदललं,
आणि बदललो म्हणून
व्हॉल्व्हला पुन्हा हुकूम सोडला.
व्हॉल्व्हने पुन्हा कळवलं.
रिले टक टक टक टक,
दोन बहिरे एकमेकांना
"काय म्हणालात?" विचारत बसल्यासारखे.
मी लॅपटॉपवर वाकून चूक शोधत होते
(कोडने बदललं की माणसाने दाबलं,
हे बटणाला सांगायचंच राहिलं होतं).
गांगुर्डे उठले, मेन स्विच खाली ओढला,
आणि त्या शांततेत आपला चहा संपवला.

दुरुस्त केल्यावर पुन्हा दाबलं.
चौकोन लगेच हिरवा.
मी हसून त्यांच्याकडे पाहिलं.
ते पाइपावर हात ठेवून उभे होते,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"आलं न्हाई अजून."
स्क्रीन म्हणतेय आलं, मी म्हणाले.
"स्क्रीनला हात कुठंय."
आणि मग, चाळीसेक सेकंदांनी,
पाइप आतून थरथरला, मलाही दिसला.
"हां. आता कर हिरवा."

म्हणून आता मधे एक राखाडी रंग आहे.
दाबल्यावर बटण आत जातं
पण काही कबूल करत नाही.
उघडतोय, एवढंच म्हणतं, आणि थांबतं.
खरं-खोट्याच्या मधल्या या जागेला
आमच्या मॅनेजरने विचारलं, "हे बिघडलंय का?"

लेबलंही वेगळी केली.
वर दिवा: पंप चालू आहे.
खाली बटण: बंद करा.
कुणाचा घोटाळा होणार नाही आता,
फक्त पॅनल रेशनकार्डासारखं दिसतं.

तीस तारखेला त्यांची शेवटची पाळी.
मी नवी आवृत्ती टाकायला गेले होते.
त्यांनी बटण दाबलं,
राखाडी होता तोवर पाइपाशी जाऊन उभे राहिले,
हिरवा झाला तेव्हा स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.
डबा पिशवीत घातला. रजिस्टरवर सही.
"येतो, ताई."

मी कीबोर्डवरून मान न उचलता म्हणाले,
"या."

मोटारसायकलचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.
मग नुसता पंपाचा.