नियम एकोणचाळिसावा

साखर पेठेत, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर
टेबलभर हिरवा टॉवेल,
विणीत चूक म्हणून परत आलेला.
ती चूक आमची नदी.
खाली दोन विटा सरकवल्या की टेकड्या.

वहीच्या पहिल्या पानावर माझं सहावीतलं अक्षर:
एक शिपाई म्हणजे पन्नास माणसं.
फाशावर ठिपके जितके, तितक्याच तुकड्या हलतील,
बाकीच्यांना हुकूम पोचला नाही असं समजावं.
नायना म्हणायचे, कारखान्यातही तसंच असतं.

शिपाई शिशाचे, जुन्या बॅटऱ्या वितळवून ओतलेले,
भाले मोडक्या फणीच्या तारांचे,
हौदे काड्यापेटीचे.
नायनांचं सैन्य विजयनगरचं, पायदळ आणि तीन हत्ती.
दस्तगीरचाचांचं बहामनी:
घोडदळ, घोडदळ आणि पुन्हा घोडदळ.
चाचांचा डाव तीस वर्षं एकच,
डावी बगल पळाल्यासारखी करायची
आणि नायनांचं पायदळ टेकडीवरून खाली ओढायचं.
नायनांना तो पाठ होता.
पण जिंकलेलं पायदळ पाठलाग करणारच, असा नियम,
आणि नियम नायनांनीच केलेला.

माप माझ्याकडे. मी टॉवेलांना कडा मारते,
फीत गळ्यातच असते.
भांडणं सगळी अर्ध्या बोटावरून.
बिथरलेला हत्ती कुणाला तुडवेल
यावर एक अख्खा उन्हाळा गेला,
एकोणीस दिवस दोघं बोलले नाहीत.
शेंगाचटणीचा डबा मात्र येत राहिला,
रिकामा परत जात राहिला.

यंदा चैत्रात चाचांचा उजवा हात थरथरायला लागला.
घोडा चिमटीत धरला
आणि पुठ्ठा तीन बोटं पुढे घसरला,
नदी ओलांडून, बगल उघडी टाकून.
हात सुटला की चाल झाली. नियम सातवा.

नायना माझ्याकडे बघून म्हणाले, लिही.
एकोणचाळीस.
हात कापून सरकलेलं अंतर धरू नये.
मी लिहिलं.
चाचांनी चष्मा लावून वाचलं, सावकाश, दोनदा.
काय बे अंबादास,
घोड्याला काय ठाऊक हात कुणाचा कापला?
रणात घोडा उधळतोच.
खोड ते, भाग्या.
मी पट्टी धरून खोडलं,
अक्षरं खालून दिसत राहतील असं.

नायनांना पाच पडले.
पाच ठिपके, समोर उघडी बगल,
आणि त्यांनी हत्ती नेले पलीकडच्या टेकडीवर,
जिथे कुणीच नव्हतं.
पुढच्या खेपेला चार.
पायदळाची ओळ सरळ करत बसले,
पलंगावरची चादर नीट करावी तशी.

चाचांनी दोन्ही हात टेबलावरून उचलले,
मांडीत घेतले.
खाली माग चालू होते, एकाचा धोटा अडखळत होता.
चाचा म्हणाले,
मी घरी जातो बे.
माझ्याशी खेळत नाहीस तू.

नायनांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
फासा टाकला. सहा.
हत्ती वळवले. तिन्ही.
टेकडी उतरून, नदीच्या काठाकाठाने,
थेट उघड्या बगलेवर,
मागे हटायला जागा नसेल तर
घोडदळ पटावरून उचलावं, नियम बावीस,
जराही हात न आखडता.

भाग्या, माप.

मी वाकले. फीत लावली.
अर्धं बोट कमी पडतंय, म्हणाले.

काय बे कमी!
नायना उठून उभे. फीत ताणली गेलीय!
कमी म्हणजे कमी, चाचा ओरडले,
तुझा हत्ती पाण्यात उभा आहे, आता भिजू दे त्याला!
टॉवेल ओढला गेला, टेकडी सरकली,
दोघं वाकून एकाच नदीवर बोटं रोवत होते,
एक बोट कापत होतं,
तेच जास्त जोरात रोवलेलं.

वीज गेली. खालचे माग थांबले.
अंधारात दोघांचे आवाज तेवढे चालू.

फीत खरं सांगत होती की फितीवरचा माझा अंगठा,
ते वहीत नाही.