तिसरा आवाज

कुलूप तुटलेलं नव्हतं, हीच पहिली पंचाईत.
तुटलं असतं तर आम्ही चारही घरं
एका बाजूला उभी राहिलो असतो
आणि चोर दुसऱ्या बाजूला, कुठंतरी, गेंट शहरात.

गेली ती खोदेलीवबाईंची.
म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, ओडिलोनची.
गडद हिरवी, उंच दांड्याची,
मागच्या चाकावर दोन्हीकडे कातडी पिशव्या.
तो जाऊन नऊ वर्षं झाली, ती कुणीच चालवत नसे.
पण दर रविवारी, चर्चची अकराची घंटा थांबली
की खालच्या गॅरेजातून पंपाचा आवाज यायचा.
बाई दोन्ही चाकांत हवा भरायच्या,
अंगठ्यानं दाबून बघायच्या,
मग वर येऊन सूप चढवायच्या.

माझी तिच्या शेजारीच होती. नवी, बॅटरीवाली,
भिंतीतल्या कडीला साखळीनं जखडलेली.
तिला कुणी हात लावला नाही.

पोलीस ठाण्यातल्या मुलीनं विचारलं, सांगाड्यावरचा नंबर?
बाई म्हणाल्या, त्यांच्या बुटाचा माहीत आहे. बेचाळीस.
मुलीनं तो लिहून घेतला नाही.
विमावाला फोनवर म्हणाला,
सामाईक गॅरेज म्हणजे आमच्या लेखी रस्ताच.

मंगळवारी जिन्याखाली बैठक झाली.
लीसबेट म्हणाली, किल्ल्या चारच आहेत.
तिचा नवरा वानेस म्हणाला, हो, चारच.
मग कुणी कुणाकडे पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांनी मिळून
वरच्या मजल्यावरच्या टाइसकडे पाहिलं नाही.
एकोणीस वर्षांचा. एका कानात बाळी.
तो म्हणाला, मला सायकलच नाही, मी चालतो.
हे त्याच्या बाजूनं धरायचं की विरुद्ध
हे ठरवायला सगळ्यांना जरा वेळ लागला.
चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात.
आमच्याकडे सुळी नव्हती.
नुसतं जिन्यात भेटला की
नमस्कार अर्ध्यावर थांबायचा.

मी बैठकीत कॅमेऱ्यांचे भाव सांगितले.

आता खरं.
मी फरशा बसवतो. त्या गुरुवारी रात्री
दोन्ही हातांत उरलेल्या फरशांची खोकी होती.
ते लोखंडी दार गुडघ्यानं उचलून
खाली दाबावं लागतं, धाडकन वाजेपर्यंत.
मी टाचेनं ढकललं आणि वर गेलो.
वाजलं का, आठवत नाही.
त्या ‘आठवत नाही’मध्ये मी तीन महिने राहिलो,
भाडं न भरता.

शनिवारी शनिवारी जुन्या सायकलींच्या बाजारात फिरलो.
नगरपालिकेच्या आवारात,
कालव्यातून काढलेल्या सायकलींच्या ढिगापाशी,
जिथे स्पोकांत शिंपले अडकलेले असतात.
हिरव्या तीन दिसल्या. ती नव्हती.

फेब्रुवारीत टाइस दुसरीकडे राहायला गेला.
त्याची पुस्तकांची खोकी मी खाली आणून दिली.
त्यानं माझे आभार मानले. मनापासून.

त्यानंतरच्या रविवारी, घंटा थांबल्यावर,
खालून पंप ऐकू आला.
मी चपला न घालताच उतरलो.
बाई माझ्या सायकलीच्या मागच्या चाकात हवा भरत होत्या.
“कमी झाली होती,” म्हणाल्या.
मग, मान वर न करता,
“माझा पलंग या दाराच्या बरोबर वर आहे.
रात्री तीनदा वाजतं ते.
लीसबेटचं, वानेसचं, मग तुमचं. मग मी झोपते.
त्या गुरुवारी दोनदाच वाजलं.”

अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं.
“उठून बघायला हवं होतं मी. गादी ऊबदार होती.”

मी काहीतरी बोलायला लागलो.
त्यांनी पंप माझ्या हातात दिला.
पुढच्या चाकात हवा भरपूर होती,
तरी मी भरत राहिलो.

“तो मुलगा या दारानं कधी आलाच नाही,” त्या म्हणाल्या.
“हे मला बैठकीतही माहीत होतं.”

भिंतीवर, जिथे त्यांची सायकल टेकायची,
तिथे मुठीएवढा काळा डाग.

“पत्ता आहे का तुमच्याकडे त्याचा?”

माझ्याकडे नव्हता.