वर जायचे वीस

आमच्या लिफ्टला पैसे लागतात.
वर जायला वीस तेत्री, खाली यायला काही नाही.
खाली जाणं सगळीकडे फुकटच असतं, नानुली,
शाल्वा म्हणायचा, आणि आपल्याच विनोदावर
दुसऱ्या मजल्यापासून सहाव्यापर्यंत हसायचा.
मी तेव्हा हसत नसे. आता हसते, एकटीच,
आणि चौथ्या मजल्यावरच्या त्सियालाला वाटतं
की बाईचं डोकं फिरलं.

मी सातव्यावर. वय एकोणऐंशी,
सुनेच्या हिशेबात ऐंशी, तिला सुट्टे आवडत नाहीत.
डॉक्टर म्हणाला, गुडघे बदलून घ्या.
म्हटलं, आधी लिफ्ट बदला,
गुडघे तिच्यापेक्षा कमी कुरकुरतात.

नाणी ठेवते चहाच्या जुन्या डब्यात.
डब्यावर हत्ती आहे.
चहा संपला, मग तो विकणारं दुकान,
मग दुकान ज्याचं होतं तो देश.
हत्तीची सोंड जराशी गंजलीय, एवढंच.

सासूबाई, पेलागिया, माझ्याशी चार वर्षं बोलल्या नाहीत.
बोलायच्या त्या मांजरीशी:
मांजरे, सुपात मीठ जास्त झालंय हो.
मांजरे, काही लोक नऊ वाजेपर्यंत झोपतात.
लेकी बोले सुने लागे म्हणतात,
आमच्याकडे लेक नव्हती, म्हणून मांजर.
मग एका संध्याकाळी, त्सियालाच्या वाढदिवसाला,
आम्ही दोघी लिफ्टमध्ये अडकलो.
(तेव्हा ती फुकट होती, म्हणून मनसोक्त अडकायची.)
अंधार. माझ्या हातात केक, त्यांच्या हातात आलुबुखारच्या चटणीची बाटली.
तासाभराने आवाज आला: भूक लागली का?
मी वाट पाहिली.
लिफ्टमध्ये मांजर नव्हती.
तो अख्खा केक आम्ही बोटांनी खाल्ला,
आणि त्यांनी मला सांगितलं, लग्नाआधी त्यांना
बतुमीचा एक बोटवाला आवडायचा, नाव मात्र आठवत नव्हतं,
मिशी आठवत होती.
दार उघडलं. त्सियालाच्या हातात आम्ही चटणी ठेवली.
घरी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या,
मांजरे, हिच्या नाकाला क्रीम लागलंय.
त्सियालाला हे अजून माहीत नाही.
पन्नास वर्षं ती म्हणतेय, वाढदिवसाला कोणी चटणी देतं का?

माझी मानाना बारीला असते, इटलीत,
तिथल्या एका म्हातारीला सांभाळते.
रोज रात्री फोनच्या पडद्यावर विचारते, आई, जेवलीस?
मागे ती म्हातारी, सिन्योरा इमाकोलाता, दिसते,
मला हात हलवते, मी तिला हलवते.
तिच्याकडे माझी मुलगी आहे,
माझ्याकडे तिचा जुना कोट.
कोट उबदार आहे. खोटं कशाला बोलू.
त्याच्या खिशात एक युरो निघाला.
मी तो लिफ्टला देऊन पाहिला.
लिफ्टने थुंकला.

परवा सांद्रोने मला कार्ड आणून दिलं.
बेबो, आता नाणी नकोत, नुसतं टेकवायचं.
नऊ वर्षांचा आहे, मला हळू आणि मोठ्याने समजावतो,
जसं शाल्वा परदेशी पाहुण्यांना समजवायचा.
मी टेकवलं. वर गेले. छान आहे.
दुसऱ्या दिवशी कार्ड हत्तीच्या डब्यात ठेवलं
आणि नाणं काढलं.
सातव्यापर्यंत ते पडल्याचा आवाज ऐकत जायची सवय आहे,
त्यात हा म्हणतोय, खाली जाणं फुकट.

शुक्रवारी बारीला व्हॅन जाते.
सिन्योरासाठी अक्रोडाच्या मुरांब्याची बरणी बांधलीय,
फडक्यात, मग वर्तमानपत्रात, मग शाल्वाच्या लोकरी मोज्यात.
मोज्याच्या टोकाशी वीस तेत्री टाकलेत.
तिच्याकडे लिफ्ट आहे का,
ते मानानाला विचारायचं राहिलंच.