बिब्याची खूण

शनिवारी सापनच्या काठी
पाळकसाहेबांचा झगा आपटताना
बाप एक शब्द बोलत नसे.
रविवारी देवळात
धुऊन बर्फासारखं होण्याचं गीत आलं, की
अहरोन वरठी, माझा बाप,
मिशीत हसू दाबायचा.

गावाचं मळकं त्याच्याच गाठोड्यात:
बाळंतिणीची लुगडी, मयताची चादर,
पाटलाच्या धोतरावरला तो डाग
जो तीनदा भट्टीत घातला
आणि कुणाला सांगितला नाही.
गाव त्याला ओट्याखालीच उभा करी.

जायच्या आदल्या रात्री पाणी मागितलं.
प्यायला नाही,
हात बुडवायला.
सोड्यानं खाल्लेली बोटं,
नखांच्या कडेला बिब्याचा काळा.
मी घासायला लागले.

"राहू दे बाई, थे नाई निघत.
बिबा म्हंजे मय नोहे.
कपडा कोनाचा, थे सांगते तो.
मय गेला माहा, कवाचाच गेला,
त्यानं धुतला.
पन खून राहू दे.
नाईतं येवढ्या पांढऱ्या ढिगात
मले कोन वयखन?"

मी साबण कोनाड्यात ठेवला.
ओल्या हातांनी त्याचे हात
तसेच धरून बसले,
कंदील विझेपर्यंत.