वासे

हेल्का आली तेव्हा इमारत कागदावरही नव्हती.
तिने नकाशा बाहेर काढलाच नाही.
म्हणाली, मला तुमची रात्रपाळी बघायची आहे.

केमीच्या त्या जुन्या, सरळसोट वॉर्डात
ती पहाटे तीनपर्यंत गुडघ्यांवर रांगत होती,
पन्नाशीची बाई,
नऊ वर्षांच्या उंचीवरून काय दिसतं ते पाहत.
टेबलाची खालची बाजू दिसते.
चिकटवलेलं च्युइंगम.
आणि कॉरिडॉरच्या टोकाला बंद दार,
कुठूनही पाहा, फक्त ते दार.

मग तिने विचारलं, मुलं रडायला कुठे जातात?

एकवीस वर्षं मी इथे नर्स आहे.
हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, पडद्यामागे.
रेडिएटर आणि कपाट यांच्यामधल्या फटीत.
एक मुलगी चादरींच्या गाडीत शिरायची.
हेल्काने फटीची रुंदी मोजली,
एकोणचाळीस सेंटिमीटर,
आणि वहीत उतरवून घेतली,
आम्ही औषधाचा डोस लिहितो तशी, दोनदा ताडून.

•

नव्या वॉर्डात कॉरिडॉर वळतो,
थोडासाच, गावाशी आल्यावर आमची नदी वळते तेवढा.
टोक दिसत नाही, म्हणून मुलं चालत राहतात.
दारं आपटत नाहीत;
रागाने ढकललेलं दारही
शेवटच्या वीतभरात स्वतःला सावरतं.
(मला हे अजून जमत नाही.)
भिंतींना कान असतात म्हणतात.
इथल्या भिंतींना नुसते कानच आहेत, करड्या फेल्टचे.
सगळं ऐकतात
आणि शेजारच्या खोलीत जाऊन सांगत नाहीत.

आणि खुंट्या.
त्यांच्याबद्दल कुणी विचारल्याशिवाय
आईबापांशी आम्ही बोलत नाही.
ओला कोट, लोकरी टोपी, एवढं खुंटी पेलते.
त्याहून जड काही लटकलं
की मान टाकते, अलगद.
हेल्काने प्रत्येक खुंटी स्वतः ओढून पाहिली.
बावन्न खुंट्या.
मग गाडीत जाऊन बसली.
बराच वेळ गाडी सुरू झाली नाही.

•

इमारतीने कुणी बरं होत नाही,
असं मी उद्घाटनाला नगरपालिकेच्या माणसाला म्हटलं.
त्याच्या हातातला केक तसाच राहिला.
पण जुनी इमारत रोज थोडं थोडं आजारी करायची,
ते तरी थांबलं.

•

आमोस जानेवारीत आला.
वर्षात तीन घरं झाली होती त्याची:
आई, मग मावशी, मग कागदावर 'कुटुंब' असं लिहिलेली
कुणी भली, अनोळखी माणसं.
घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.
त्याचे सगळेच फिरले होते.
बोलत नव्हता. खोलीत जाईना.

पहिल्याच रात्री त्याला ती फट सापडली,
खिडकीलगत, भिंतीतच कोरलेली, पाइनच्या फळ्यांची.
एकोणचाळीसची हेल्काने एकाहत्तर केली होती.
का, म्हणून मी विचारलं होतं.
दुसरं कुणी येऊन बसलं तर, म्हणाली.

ते बत्तीस सेंटिमीटर माझ्या वाट्याचे.
माझ्या मापाला जरा कमीच पडतात.

आम्ही बसायचो. खिडकी बोटभर उघडी,
बाहेर बर्फ, गोठलेल्या समुद्राचा वास.
सूर्य दहानंतर येणार आणि जेवणं आटोपेतो निघणार,
त्याची घाई आम्हा दोघांनाही नव्हती.
आमोस वर बघायचा.
छताचे वासे तिथे उघडे आहेत,
कुणाचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर.
सुतार त्यांना पांढरा रंग देणार होता,
हेल्काने देऊ दिला नाही.
गाठी दिसू देत लाकडाच्या, म्हणाली.

सहाव्या रात्री,
माझ्याकडे न बघता,
तो म्हणाला, अकरा.

मी मोजले. बारा भरले.
एक दिव्याच्या मागे आहे, पटकन दिसत नाही.

मी म्हटलं, हं.
उद्या परत मोजेल.