एकतीस नावांची जागा

फ्लॉपीवर बॉलपेननं लिहिलेलं: कुस्ती, गाणं, शेवटचं.
त्याखाली: खरंच शेवटचं.
अक्षर दस्तगीर नदाफचं. 'श'ची शेपटी
इतकी लांब दुसरं कुणी ओढत नसे.

एकोणीसच्या पुरात कुंभार गल्लीत
पाणी दाराच्या कडीपर्यंत चढलं.
डबा माळ्यावर होता म्हणून राहिला.
चौदातल्या तीन चालल्या.
बाकीच्यांवर बुरशीनं गाव वसवलंय.

आता गाणं म्हणजे गाण्याचा फोटो,
झालं ते जसंच्या तसं.
तेव्हा एक तऱ्हा होती, ती आवाज वाहतच नसे,
नुसतं सांगे: आता सा, आता थांब, आता ढोल.
ज्या घरी जाईल तिथली भांडी वाजवायची.
क्लासच्या मशीनवर तिचा ढोल
रिकाम्या काडेपेटीसारखा,
आणि सरांच्या नव्या कार्डावर तोच ढोल
छाती हलवणारा.
दस्तगीरला हे पटत नसे.
"पाहुण्याकडं मिळंल त्या ताटात जेवायचं
आपल्याला न्हाई जमत.
आपला तांब्या आपण न्यायचा."

म्हणून दुसरी तऱ्हा:
फायलीतच वाद्यं, फायलीतच सूर, चार चॅनेल.
एका वेळी चौघांनीच वाजवायचं,
पाचवा आला तर कुणीतरी तोंड मिटायचं.

खेळ कुस्तीचा. अकरा ठिपके उंचीचे दोन पैलवान,
सोळा रंगांत तांबडी माती सापडेना,
तपकिरीवर भागवलं.
पट काढला की दोघंही एकमेकांत अडकत
आणि मशीन बंद करावं लागे.
खेळ पुरा झाला नाही.
गाणं झालं.

काल रात्री फाइल उघडली.
नवीन काहीच तिला ओळखेना,
जुनं एक शोधून आणलं.
वाजवायच्या आधी यादी बघितली:
एकतीस वाद्यं, प्रत्येकाच्या नावाला बावीस अक्षरं,
इंग्रजी लिपीत आमची मराठी.

हलगी, खासबागेबाहेर
लेथ, उद्यमनगर
रंकाळा, म्हैस पाण्यात
सरांची शिंक, चोरून
मग दोन जागा कोऱ्या. मग
अब्बांची तात

त्याच्यापुढं नुसते ठिपके,
आणि एकतिसाव्या जागी:
वाचणाऱ्याला काम नाही

कादरचाचा खांद्यावर पिंजण घेऊन
गंगावेशीतून चालायचे. हाक नाही मारायचे.
तातीवर लाकडी मूठ टेकवायचे, टंव्,
आणि वरच्या मजल्यांवरून बायका
जुन्या गाद्या खाली टाकायच्या.
एका रविवारी दस्तगीरनं त्यांना
क्लासच्या जिन्यावरून वर आणलं.
पंधरा रुपयांचा माइक, एक ठोका.
चाचांनी विचारलं, "एवढंच?"
कीबोर्डातून कापूस निघत राहिला,
सर आठवडाभर शिव्या देत राहिले.

अर्धा सेकंदही नाही तो.
अख्खं गाणं त्याच्यावर उभं आहे.
वर ढकलला की चिमणी,
खाली ओढला की रेडा,
मधे कुठंतरी चाचा.

दस्तगीर आता इचलकरंजीत
फोमच्या गाद्या विकतो.
दुकानात गिऱ्हाईक होतं तरी फोन उचलला.
"काय गं, एवढ्या वर्षांनी?"
मी काही बोलले नाही,
स्पीकर फोनला लावला.

हलगी आली, लेथ आला,
मग खालून ती.

गाणं संपलं. पलीकडं प्लॅस्टिक फाडल्याचा आवाज,
कुणीतरी भाव विचारत होतं.
मग म्हणाला,
"तिसऱ्या चॅनेलला चूक हाय बघ,
अठ्ठेचाळिसाव्या ओळीत.
तात जरा आधी पडल्या."

"नीट करू?"

"नगं," म्हणाला.
"परत लाव."